बर्फखान्यातल्या बारा खुर्च्या

आमच्या बेटावर एकही मोटार नाही. चाकं म्हणून आहेत ती धक्क्यावरच्या हातगाडीला आणि सुताराच्या सायकलला, आणि त्या सायकलला ब्रेक नाहीत. तरी गेली तीन वर्षं आमच्या बारा बायका दिवसाचे आठ तास कानाला हेडफोन लावून मोटारी कुठे, कशा आणि कुणाच्या चुकीने धडकल्या ते ऐकायच्या आणि टाइप करायच्या. काम पलीकडच्या मोठ्या शहरातल्या एका विमा कंपनीचं. अपघात झाला की लोक कंपनीला फोन करतात, रडतात, भांडतात, धडधडीत खोटं बोलतात. ते सगळं जसंच्या तसं उतरवायचं, एक हुंदकाही गाळायचा नाही. आमची जाळीवाली जन्मात कधी मोटारीत बसलेली नाही, पण बंपर कुठला आणि बॉनेट कुठलं हे ती मला चहा पिता पिता समजावून सांगायची.

हे चालायचं जुन्या बर्फखान्यात. मासळीसाठी बर्फ साठवायची ती जागा. भिंती हातभर जाड, खिडकी एकच, आणि समुद्राखालून आलेली इंटरनेटची केबल त्याच भिंतीतून आत शिरते. त्या केबलसाठी आम्ही अकरा वर्षं अर्ज केले. अर्जांवर पहिल्या सह्या करणारे दोघे वाट बघता बघताच गेले. शेवटी केबल आली, तिच्या मागोमाग बारा खुर्च्या आल्या, आणि दुपारची बंद पडलेली बोट पुन्हा सुरू झाली. वरून अट अशी की केंद्र चालेल तोवरच दुपारची बोट.

केंद्राच्या किल्ल्या माझ्याकडे. आधी मी धक्क्यावर तिकिटं विकायचे. ती विकायला यंत्र आलं तेव्हा माझं काय करायचं हा प्रश्न पडला आणि मला इथे बसवलं. मला सगळे मावशी म्हणतात, माझ्याहून चार वर्षांनी मोठे आहेत तेसुद्धा. माझं काम म्हणजे कुलूप उघडायचं, बॅटऱ्या बघायच्या, हवेतला ओलावा ओढणाऱ्या यंत्राची बादली दिवसातून चारदा ओतायची, आणि कुणाचं कॉम्प्युटरशी बिनसलं तर दोघांची समजूत काढायची.

खरं सांगायचं तर मला बेटाच्या भवितव्याचं वगैरे फारसं काही पडलेलं नव्हतं. भाषणं मी खूप ऐकली आहेत. माझा सगळा जीव सात नंबरच्या खुर्चीत होता, कारण तिथे माझी लेक बसायची. मुलगा गेला तो गेलाच, वर्षातून दोनदा त्याचा फोन येतो आणि दोन्ही वेळा तो घाईत असतो. लेक मात्र शहरात नऊ वर्षं काढून, नवऱ्यापासून फारकत घेऊन एके दिवशी परत आली. माझ्यासाठी नव्हे, कामासाठी. पहिल्याच दिवशी तिने मला बजावलं होतं, "आई, काम आहे तोवर आहे मी. तुझ्या जिवावर बसून खाणार नाही." हट्टी आहे. कुणावर गेली आहे ते विचारायला नको. पण संध्याकाळी जिन्यावर तिची पावलं वाजायची, घरात दुसऱ्या माणसाचा खोकला ऐकू यायचा, आणि मला तेवढं पुरे होतं. ते जाऊ नये, एवढंच मला हवं होतं. बाकी सगळं त्यातून झालं.

सुरुवात झाली बोलकीपासून. चार नंबरच्या खुर्चीवरची ही पोरगी झोपेतही गप्प बसत नाही म्हणून तिचं नाव बोलकी. तिला अजून दीड महिना होता, पण एका सकाळी केंद्राच्या पायरीवरच तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. तातडीची बोट बोलावली, तिला पलीकडच्या दवाखान्यात नेलं, आणि तिची खुर्ची रिकामी राहिली.

आता आमच्याकडची एक गोष्ट सांगायला हवी. जाळं ओढताना दोरावरची जागा आम्ही रिकामी ठेवत नाही. ज्याची जागा असेल त्याला ताप येवो नाहीतर त्याचा हात मोडो, शेजारचं कुणीतरी त्याच्या नावाने दोराला हात लावतं आणि त्याचा वाटा त्याच्या घरी पोचतो. हे कुणी कुणाला शिकवत नाही आणि याबद्दल कुणी कुणाचे आभारही मानत नाही. आभार मानलेच तर समोरचा चिडतो.

तेव्हा बोलकीच्या खुर्चीत कुणी बसायचं का, हा प्रश्न आला नाही. कोण बसतंय एवढाच आला. पासवर्ड तर दाराशेजारी खिळ्यांना टांगलेलेच होते, बारा पुठ्ठ्याचे तुकडे, प्रत्येकावर नाव. आमच्या घरांच्या किल्ल्याही अशाच बाहेर टांगलेल्या असतात. कंपनीने लिहून कळवलं होतं की पासवर्ड कुणाला सांगू नका. आम्ही कुणालाही सांगितले नव्हते.

पहिल्या दिवशी आमच्या बारांतलीच, जिला सगळे पाहुणी म्हणतात ती बसली, तिची त्या दिवशी सुट्टी होती. मग माझी लेक. आपल्या फायली संपवायच्या आणि मग चार नंबरवर जाऊन बोलकीच्या संपवायच्या, असं तिने पाच दिवस केलं. उरलेले तीन दिवस जाळीवाली, सुतारीण आणि बेकरीवाली अशा तिघींनी वाटून घेतले. नऊ दिवसांत बोलकीची एक फाइल मागे राहिली नाही. उलट कंपनीकडून शाबासकीचा निरोप आला की चार नंबरच्या चुका कमी झाल्या आहेत. त्यावर आम्ही पोट धरून हसलो. तेच शेवटचं हसणं.

बोलकी मुलीला घेऊन परत आली आणि तिने बाळंतपणाच्या मदतीसाठी कंपनीला दवाखान्याचे कागद पाठवले. त्यात काही खोटं नव्हतं. मुलगी जन्मली, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. आणि त्याच दहा वाजून वीस मिनिटांनी, कंपनीच्या नोंदीप्रमाणे, बोलकी आपल्या खुर्चीत बसून दुधाचा टँकर उलटल्याची हकीगत टाइप करत होती.

सोमवारी कंपनीच्या साहेबांचा चेहरा पडद्यावर आला. सडपातळ माणूस, घसा कायम बसलेला, हातात गरम पाण्याचा कप. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मला बरं वाटलं असतं.

"मावशी, चार नंबरवर कोण बसलं होतं?"

"काम झालं ना साहेब? तुम्हीच शाबासकी पाठवलीत."

"कामाचं नाही म्हणत मी. त्या फायलींत लोकांचे पत्ते असतात, आजार असतात, बँकेचे आकडे असतात. ज्याचं नाव त्यानंच ते उघडायचं, असं आम्ही लोकांना लिहून दिलंय. दुसऱ्या कुणी उघडलं, की आमच्याकडे त्याला चोरी म्हणतात."

चोरी. आमच्या बेटावर दाराला कडीसुद्धा वाऱ्यासाठी लावतात. मला काय काय बोलावंसं वाटलं ते इथे लिहीत नाही. मी जीभ चावली आणि विचारलं, "मग आता?"

त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "एकीची चूक असेल तर मी ती एकीची म्हणून मिटवू शकतो. पण सगळ्यांनी मिळून केलं असेल तर ते केंद्रच आम्हाला चालायचं नाही. माझ्या हातात राहणार नाही ते. बुधवारी अकरा वाजता सगळ्यांना समोर बसवा. मी विचारीन, आणि एकीनं सांगावं."

"आणि त्या एकीचं काय?"

"तिला जावं लागेल, मावशी."

पडदा काळा झाला तरी मी त्याच्याकडे बघत बसले होते. मागे ओलाव्याच्या यंत्राची बादली भरून जमिनीवर वाहायला लागली होती आणि मला उठवेना.

बायकांना मी तेवढंच सांगितलं की साहेब बुधवारी विचारतील, उत्तर एकीनेच द्यायचं, बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. कुणी द्यायचं ते बघू. माझी लेक काहीच बोलली नाही. खाली मान घालून हेडफोनची वायर गुंडाळत राहिली. मला तिचं गप्प बसणं माहीत आहे. शाळेत काच फुटली तेव्हाही अशीच गप्प होती आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी हात वर केला होता. ही उठणार. पाच दिवस हीच बसली होती, हीच उठणार, आणि महिनाअखेरीला हिची खोली रिकामी होणार. ती रात्र मी कशी काढली ते मलाच माहीत.

मंगळवारी दुपारी मी पाहुणीकडे गेले.

पाहुणी पलीकडून लग्न होऊन आलेली. चौदा वर्षं झाली, दोन मुलं झाली, सासरे तिच्या हातचं पाणी पिऊन गेले, तरी ती पाहुणीच. असं मुद्दाम कुणी करत नाही. तिचा नवरा बोटीवर होता, त्यांचं कामावाचून अडलं नसतं असं मी मनाशी म्हणत होते. आणि दहा वाजून वीस मिनिटांनी खुर्चीत तीच तर होती. नोंदीशीही जुळत होतं. माणसाला पाप करायचं असलं की हिशेब बरोबर जुळतात.

ती अंगणात वल्ह्यांना रंग देत बसली होती. मला बघून गडबडीने उठली आणि स्टूल पुसून दिलं. मी आधी रंगाची चौकशी केली. मग मुलांची. मग तिच्या सासूच्या गुडघ्यांची. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात मी काही हुशार नाही. ती थोडा वेळ ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "मावशी, सरळ बोला ना. लेकीचं नाव यायला नको, असंच ना?"

"हो," मी म्हटलं. "ती गेली तर परत यायची नाही. मी या वयात..." मला रडू येत होतं, आणि ते खरं होतं. पण ते उपयोगी पडणार हेही मला कळत होतं.

तिने ब्रश डब्यावर आडवा ठेवला. बराच वेळ ती हाताला लागलेला रंग नखाने खरवडत होती.

"चौदा वर्षं झाली मला इथे येऊन," ती म्हणाली. "मीठ संपलं, काडेपेटी संपली, की मीच जायची लोकांच्या दारात. माझ्या दारात आजवर कुणी काही मागायला आलं नव्हतं." मग ती चक्क हसली. "सांगीन मी. बसले होतेच ना. खोटं थोडंच आहे?"

मला शरम वाटली. अगदी खरी, कानशिलं तापवणारी शरम. तरी मी घरी आले, पोटभर जेवले आणि रात्री गाढ झोपले.

बुधवारी अकराला दहा मिनिटं असताना सगळ्या आपापल्या खुर्च्या ओढून पडद्यासमोर बसल्या. बोलकी बाळाला घेऊन दाराशी होती, आयुष्यात पहिल्यांदाच तोंड मिटून. माझी लेक पुढच्या रांगेत, केस नीट बांधलेले, स्वच्छ शर्ट. आदल्या दोन दिवसांपेक्षा ती शांत दिसत होती. मला वाटलं, तिने मनाची तयारी केली आहे. तिला काय माहीत, मी तिच्यासाठी काय करून ठेवलं आहे.

साहेब आले. त्यांनी कप बाजूला ठेवला आणि कागदावर बघून विचारलं, "चार नंबरवर त्या दिवसांत कोण बसलं होतं?" बोलता बोलता त्यांची नजर माझ्या लेकीकडे गेल्यासारखी वाटली. मी त्याचा काही अर्थ लावला नाही.

लेक उठायच्या आत पाहुणी उठली. "मी, साहेब. मी एकटीच."

साहेबांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. त्यांनी पुन्हा कागदाकडे बघितलं. आणि माझी लेक उभी राहिली. "नाही साहेब. ती नाही. तिचा काही संबंध नाही. सगळे दिवस मीच होते."

"पोरी, खाली बस," मी म्हटलं. पडद्याकडे न बघता, सगळ्यांसमोर.

"दहा वाजून वीस मिनिटांनी मी होते," पाहुणी म्हणाली. "माझी सुट्टी होती त्या दिवशी. तुम्ही बघा ना नोंद. टँकर उलटला तो मी लिहिला. ड्रायव्हरचा पाय अडकला होता, त्याचा भाऊ फोनवर बोलत होता." तिला सगळं आठवत होतं. ती खरं बोलत होती आणि ते सगळ्यांना कळत होतं.

"एकीनं सांगा," साहेब म्हणाले. त्यांचा घसा अगदीच बसला होता. "कृपा करून एकीनंच सांगा."

मग ते झालं. दोघी उभ्या आहेत आणि आपण बसलोय, हे आमच्या बायकांना जमणारं नव्हतं. जाळीवाली उठली. "एक दिवस मी होते, साहेब." सुतारीण उठली. बेकरीवाली उठली. मग ज्या एक दिवसही बसल्या नव्हत्या त्याही उठल्या, कुणी म्हणाली मी पासवर्ड काढून दिला, कुणी म्हणाली मी चहा नेऊन दिला. अकरा जणी उभ्या. दाराशी बोलकी बाळाला छातीशी धरून म्हणाली, "साहेब, पासवर्ड माझाच होता हो." बसलेली मी एकटी.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी ऐकलं नाही असं आता मला म्हणता येणार नाही," ते म्हणाले. "हे सगळं रेकॉर्ड होतं, मावशी. तुमचं आमचं कामच ते."

चार वाजता पत्र आलं. महिनाअखेरीला काम बंद. केंद्र दुसरं काम आणू शकलं तर आणावं, असं खाली कुणीतरी भल्या मनाने लिहिलं होतं. मी वीस ठिकाणी अर्ज केले. त्यातल्या चौघांनी उत्तर दिलं, आणि चौघांनीही आधीची कंपनी का गेली ते विचारलं. तीन आठवड्यांनी बोटीच्या कचेरीतून दुसरं पत्र आलं, दुपारची फेरी थांबवत असल्याचं. बेकरीवालीचं कुटुंब निघालं. बोलकीचा नवरा पलीकडे खोली बघून आला. मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. पाहुणीने तर मला रस्त्यात थांबवून विचारलं, "मावशी, माझं काही चुकलं का हो?" मी तिला नाही म्हटलं. खरं काय ते सांगायची हिंमत झाली नाही.

लेक शनिवारच्या सकाळच्या बोटीने जाणार होती. शहरात कुणा मैत्रिणीकडे, मग काम मिळेल तिकडे. शुक्रवारी ती आपल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती आणि मी दारात उभी राहून उगीच एक टॉवेल पुन्हा पुन्हा घडी करत होते.

"पाहुणीला तू सांगितलंस ना?" तिने विचारलं. वर न बघता.

"हो."

"का?"

"तू जाऊ नयेस म्हणून."

तिने हातातला शर्ट खाली ठेवला. ती चिडेल असं मला वाटलं, मला ते हवंही होतं. ती पलंगाच्या कडेवर बसली आणि शांतपणे सांगायला लागली. सोमवारीच, साहेबांचं माझ्याशी बोलणं झाल्यावर, तिने त्यांना फोन केला होता. नऊही दिवस मीच होते म्हणाली, दोन्ही कॉम्प्युटर शेजारीशेजारी लावून. त्यांना ते पटलं नसावं, पण त्यांनी पटवून घेतलं. आपणहून कबूल केलं म्हणून ते म्हणाले, तीन महिने घरी बसा, मग तुमची खुर्ची तुम्हाला परत. फक्त बुधवारी तुमच्याशिवाय दुसरं कुणी बोलायला नको.

"तीन महिने," ती म्हणाली. "मी ठरवलं होतं, वरच्या खोलीला रंग देऊ. तुझ्या त्या गळक्या खिडकीचं बघू."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू त्यांच्याशी भांडायला गेली असतीस, आई. तीन महिने तरी का म्हणून."

गेलेच असते. तिला माझी पुरती ओळख होती, आणि मला मात्र तिची तेवढी नव्हती. मी तिला शाळेतल्या काचेवरून ओळखत होते, आणि तिला तर आता पस्तिसावं लागलं होतं. मला तिची माफी मागायची होती. तोंडातून आलं ते एवढंच, "जेवून जाशील ना उद्या?"

"बोट सातला आहे."

मग तिने राहिलेले कपडे भरले. हिवाळी कोट मावेना, तो काढून पुन्हा घडी केला आणि दाबून बसवला, तरी झाकण वर येत राहिलं. तिने दोन्ही हातांनी ते दाबून बघितलं, गुडघा टेकवून बघितला.

"आई, जरा बस गं यावर," ती म्हणाली.

मी बॅगेवर बसले, आणि तिने चेन ओढली.